दोन तासवाल्या बाई

आमच्या आत्याला इस्पितळात कुणी नावाने ओळखत नसे. तिच्या खोलीच्या दारावर पाटी होती, पाटीवर नाव होतं, नावापुढे पदव्यांची लांबलचक अक्षरं होती. तरी चौकशीच्या खिडकीशी येऊन लोक विचारत, "त्या दोन तासवाल्या बाई कुठे बसतात हो?" आणि खिडकीतला माणूस मान वर न करता सांगे, "दुसरा मजला, डावीकडे. जिथे सगळे कंटाळलेले दिसतील, ते त्यांचं दार."

आत्या मधुमेहावर संशोधन करायची. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पाहुण्यांशी तिची ओळख करून देताना म्हणत, "लोक काळजाचे डॉक्टर होतात, मेंदूचे होतात. आमची ताई साखरेची डॉक्टर झाली. आणि घरात साखरेचा डबा उघडायला भीती वाटते, असं करून ठेवलंय तिनं." आत्या शांतपणे उत्तर देई, "डब्याला भिऊ नकोस. तू त्यात चमचा किती वेळा घालतोस ते मला मागच्या खोलीतून ऐकू येतं, एवढंच."

ती आमच्याकडेच, त्या मागच्या खोलीत राहायची. खोलीत एक लोखंडी पलंग, एक टेबल आणि भिंतीवर तिने स्वतः काढलेला एक आलेख. रेघ वर चढते, टेकडीसारखी वळते आणि उतरते. लहानपणी मला ते डोंगराचं चित्र वाटे. मी त्याच्या माथ्यावर एकदा पेन्सिलीने झाड काढलं. आत्या रागावली नाही. म्हणाली, "इथे झाड उगवायला नको, पण उगवलंय तर राहू दे." जेवल्यावर माणसाच्या रक्तातली साखर अशी चढते आणि उतरते, हे मला त्या झाडामुळे कायमचं लक्षात राहिलं.

दोन तासांचं प्रकरण असं होतं. ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही पण होऊ शकतो, अशा माणसांना आत्या 'उंबरठ्यावरचे' म्हणायची. त्यांची तपासणी सकाळी उपाशीपोटी व्हायची. आधी एकदा रक्त घ्यायचं. मग पाण्यात विरघळवलेलं पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायला द्यायचं. मग बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात खायचं नाही, फिरायचं नाही, जिन्याची चढउतार नाही. बसून राहायचं. आत्या हे प्रत्येकाला सांगे, एकाच आवाजात, एकाच शब्दांत. "दोन तास. खुर्ची सोडायची नाही." त्यावरून नाव पडलं.

मी सांगते आहे ती गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, मी जन्मलेही नव्हते तेव्हाची. पण ती आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ती घडली त्यांच्याही तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की मला त्या हॉलमधल्या खुर्च्यांचा रंगसुद्धा ठाऊक आहे. फिका हिरवा. वीस खुर्च्या, चारच्या पाच रांगा.

आत्या तेव्हा चौतिशीची होती. विभागात तात्पुरत्या जागेवर काम करत होती. दर अकरा महिन्यांनी नेमणूक संपायची आणि पुन्हा नव्याने कागद यायचा. त्या वर्षी मात्र एक कायमची जागा निघणार होती, आणि ती मिळवायची तर हातात एक खणखणीत निकाल हवा होता. तिचा अभ्यास चालू होता तो साधा होता. उंबरठ्यावरची चाळीस माणसं. वीस जणांनी रोज संध्याकाळी सातच्या आत जेवायचं, बाकीच्या वीस जणांनी नेहमीच्या वेळेला. दोन वर्षं हे चालवायचं, दर दोन महिन्यांनी तपासायचं. लवकर जेवल्याने फरक पडतो का, एवढाच प्रश्न.

आत्या मुळातच काटेकोर. दोन्ही गटांतली माणसं एकाच हॉलमध्ये बसली तर गप्पा मारणार, "तुमचं बरं, आम्हाला सातलाच ताट पुढे ओढावं लागतं" असं एकमेकांना सांगणार, आणि उशिरा जेवणारेही उगाच लवकर जेवायला लागणार, अशी तिला धास्ती. म्हणून तिने दिवसच वेगळे केले. नेहमीसारखे जेवणारे मंगळवारी, लवकर जेवणारे गुरुवारी. ही खबरदारी तिने स्वतःच्या डोक्याने घेतली आणि वहीत तिच्याखाली दुहेरी रेघ मारली. पुढचं सगळं त्या दुहेरी रेघेने केलं.

पहिले आठ महिने दोन्ही गटांत काही फरक नव्हता. मग एकाएकी गुरुवारचे आकडे उतरू लागले. मंगळवारवाल्यांची दोन तासांनंतरची साखर सरासरी एकशे अडुसष्ट, तर गुरुवारवाल्यांची एकशे एकोणचाळीस. पुढच्या तपासणीत तेच. त्याच्या पुढच्या तपासणीत तेच. विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, तो कागद खिडकीच्या उजेडात धरून दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"परिणाम दिसायला वेळ लागतोच," ते म्हणाले. "परिषदेला जायचं आपण. गोषवारा मी आजच पाठवतो."

"सर, एक गोष्ट जुळत नाहीये," आत्या म्हणाली. "उपाशीपोटीची साखर दोन्ही गटांत सारखीच आहे. तीन महिन्यांची सरासरी सारखीच आहे. फक्त ग्लुकोज प्यायल्यानंतरचा आकडा—"

"चांगली बातमी मिळाली की तुम्हाला पोटात दुखतं का हो?"

आत्याने कागद परत घेतला. पण तिच्या मनात आणखी एक बारीक काटा होता, जो तिने सरांना सांगितला नाही, कारण सांगितला असता तर ते हसले असते. गुरुवारी दुसऱ्यांदा रक्त घेताना शिरा पटकन सापडायच्या. हात गरम असायचे. मंगळवारी तीच वेळ, तोच हॉल, आणि माणसांचे हात थंडगार. दोन वेळा टोचावं लागे, माणसं कुरकुरत. गुरुवारी सुई पहिल्या खेपेला आत. एकदा एका आजींच्या कपाळावर घाम दिसला, तेव्हा साखर फार खाली तर गेली नाही ना म्हणून तिने घाबरून लगेच तपासलं. साखर व्यवस्थित होती. आजी म्हणाल्या, "वयाचा घाम आहे गं, जाऊ दे." आत्याने वहीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: हात गरम. का?

हॉलवर लक्ष ठेवायला एक मावशी होत्या. नात्याच्या नव्हेत, इस्पितळातल्या. आत्या रक्त घेई, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवी. मावशी माणसांना ओळीने बसवत, ग्लुकोजचे पेले भरत, कुणी संडासला जातो म्हणून जिन्यापर्यंत पोचलाच तर त्याला परत आणत. शेवटच्या माणसाचं पहिलं रक्त नऊला घेऊन व्हायचं आणि पहिल्या माणसाचं दुसरं रक्त साडेनऊला सुरू व्हायचं. मधला अर्धा तास आत्या राखाडी झाकणांच्या नळ्या घेऊन पलीकडच्या प्रयोगशाळेत जाई आणि यंत्रात फिरवायला लावी. दोन वर्षांत त्या अर्ध्या तासात ती एकदाही हॉलमध्ये गेली नव्हती. गरजच नव्हती. मावशी होत्या ना.

परिषदेला तीन आठवडे उरले असतानाचा गुरुवार. मावशींच्या हातून पेला निसटला आणि पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज आत्याच्या सँडलवर सांडलं. चिकचिक, चालताना प्रत्येक पाऊल फरशीला चिकटायचं. तिने सँडल प्रयोगशाळेच्या मोरीत भिजत टाकले आणि तिथल्या रबरी चपला घातल्या. नळ्या यंत्रात लावल्या, आणि लक्षात आलं की वेळा लिहिलेली वही हॉलमध्येच राहिली.

तिच्या सँडलची टाच वाजायची. टकटक, टकटक, अख्ख्या मजल्याला कळायचं की बाई येताहेत. रबरी चपला वाजत नाहीत.

हॉलच्या दाराशी तिला आधी गाणं ऐकू आलं. आठ महिने झाल्यावर शेजारच्या मोठ्या खोलीत व्यायामोपचार विभाग हलवला होता, हे तिला माहीत होतं. मध्ये भिंत नव्हती, नुसती प्लायवूडची फळी. गुडघेदुखीच्या लोकांचा वर्ग तिथे गुरुवारी नऊ वाजता भरतो आणि तिथल्या बाई टेपवर गाणी लावून त्यांच्याकडून हालचाली करून घेतात, हे मात्र तिला माहीत नव्हतं. पलीकडून आवाज येत होता, "उजवा पुढे, डावा मागे, गुडघा वर आणि टाळी!"

आणि अलीकडे, फिक्या हिरव्या खुर्च्यांसमोर, तिची वीस माणसं नाचत होती.

साधंसुधं नव्हे. रांगेत. ठेक्यात. सगळ्यांत पुढे टेलर मास्तर, पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात मोजपट्टी तशीच, कारण इथून ते थेट दुकानात जात. त्यांच्या मागे त्या घामाच्या आजी, पदर खोचून. मावशी दाराकडे पाठ करून टाळ्या देत होत्या. "आजी, डावा! डावा म्हणजे घड्याळाकडचा! मास्तर, तुम्ही पुढे फार सरकता, शिलाई उसवल्यासारखे!"

आजींना आत्या दिसली. "बाई!"

एका क्षणात वीसच्या वीस जण खुर्च्यांवर. सव्वा वर्षाचा सराव होता तो. फक्त टेलर मास्तरांचा एक हात वरच राहिला.

"मास्तर," आत्या म्हणाली, "हात का वर आहे?"

"पंख्याचा वारा लागतोय का बघत होतो, बाई."

"पंखा बंद आहे."

"तेच म्हटलं. लागत का नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी सगळा दोष अंगावर घेतला, पण वकिलासारखा. "बाई, तुम्ही म्हणालात खुर्ची सोडायची नाही. कुणी सोडली? प्रत्येकजण आपापल्या खुर्चीपाशीच होता. मी स्वतः लक्ष ठेवते. एक पाऊल इकडे नाही, एक तिकडे नाही."

"किती दिवस चाललंय हे?"

"दिवस कसले हो बाई. ते लोक शेजारी आल्यापासून." मग मावशींना आत्याचा चेहरा नीट दिसला आणि त्यांचा आवाज उतरला. "बसून बसून पाय आखडतात बाई यांचे. तुम्ही दोन तास बसून बघितलंय का कधी?"

आत्याने वही उचलली आणि ती प्रयोगशाळेत परत आली. यंत्र फिरत होतं. ती म्हणते, त्या आवाजात उभं राहून तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. आपला निकाल गेला. आणि हात गरम का होते ते सापडलं. "दुसऱ्या गोष्टीचा आनंद जास्त झाला," ती सांगते, "पण हे कळायला मला दोन दिवस लागले." त्या दोन दिवसांत तिने कुणालाच काही सांगितलं नाही, हेही ती लपवत नाही. परिषदेचं आमंत्रण टेबलावर होतं. कायमच्या जागेसाठीचा अर्ज त्याच्याखाली. मावशी तर येऊन कानात सांगून गेल्या होत्या, "आमच्यातलं कुणी बोलणार नाही. तोंडाला कुलूप."

शनिवारी जेवताना बाबांनी विचारलं, "ताई, भात आज तुझ्याशी भांडलाय का? नुसती चिवडते आहेस."

"वीस माणसांनी मिळून माझी दोन वर्षं नाचवली," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "पण मग तू जे शोधत होतीस ते सापडलं नाही आणि जे शोधत नव्हतीस ते सापडलं. वाईट काय झालं?"

"जागा जाईल."

"ती अजून तुझी कुठे आहे?"

सोमवारी तिने गुरुवारच्या वीसही जणांना निरोप पाठवले. येत्या गुरुवारी आणखी एकदा यायची विनंती. ते आले, अपराधी चेहऱ्याने, शाळेत बोलावल्यासारखे. आत्याने त्यांना सगळं खरं सांगितलं. तुमच्या नाचामुळे आकडे उतरले की लवकर जेवल्यामुळे, हे मला बघायचंय, म्हणून आज फक्त बसा. आणि त्या दिवशी ती स्वतः एकविसावी खुर्ची आणून त्यांच्यात बसली. नळ्या प्रयोगशाळेत मावशींनी पोचवल्या.

नऊ वाजता पलीकडे गाणं सुरू झालं. वीस माणसं आणि आत्या समोर बघत बसली. टेलर मास्तरांचा उजवा पाय आपोआप हलू लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. आजींनी डोळे मिटले. "उजवा पुढे," फळीपलीकडून आवाज आला, आणि रांगेतून एक लांब उसासा निघाला.

"बाई," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "शिक्षाच द्यायची होती तर नुसतं रागवायचं होतं."

साडेनऊला आत्याने सुई हातात घेतली. सगळ्यांचे हात थंडगार होते. आकडे आले: सरासरी एकशे सहासष्ट. मंगळवारवाल्यांच्या शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. गोषवारा त्यांच्या टेबलावर टंकलिखित पडला होता. "सर, लवकर जेवल्याने काही झालेलं नाही," ती म्हणाली. "नाचल्याने झालंय."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. "म्हणजे भाषण रद्द करायचं."

"नाही सर. भाषण करायचं. फक्त नाव बदलायचं."

"तुम्हाला कळतंय ना, निवड समितीपुढे आता तुमच्याकडे दाखवायला काय उरतं?"

"चूक उरते," आत्या म्हणाली. "पण चांगली आहे सर. मोजलेली आहे."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, "पावलं कशी आहेत?"

"सर?"

"पावलं हो. परिषदेत कुणी विचारलं तर सांगता यायला हवीत."

आणि विचारलंच. आत्याने परिषदेत सगळी हकीकत सांगितली. दुहेरी रेघ, रबरी चपला, पंख्याचा वारा, काही गाळलं नाही. सुरुवातीला सगळे टिपणं घेत होते. 'हात गरम. का?' ही वहीतली ओळ पडद्यावर आली तेव्हा पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि मग ते हसणं मागपर्यंत गेलं. शेवटी मागून एक म्हातारे प्राध्यापक उठले. "माझा एकच प्रश्न आहे. नेमकी हालचाल किती आणि कशी?" आत्याने व्यासपीठावर करून दाखवली. उजवा पुढे, डावा मागे, गुडघा वर. टाळी वाजवायच्या ऐवजी ती थांबली, कारण हातात माइक होता. टाळी सभागृहाने दिली.

कायमची जागा त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. हे सांगताना आत्याच्या आवाजात काही विशेष होत नाही. स्वतःचा दवाखाना उघडून बसली असती तर नाव झालं असतं, असंही लोक म्हणाले. तिने अकरा महिन्यांचा नवा कागद घेतला आणि नवा अभ्यास सुरू केला: खाल्ल्यानंतर एका जागी बसून न राहता अधूनमधून उठून थोडी हालचाल केली तर साखरेचं काय होतं. मंगळवारवाल्यांना बातमी लागलीच होती. ते तावातावाने आले. "दोन वर्षं आम्ही मुकाट्याने बसलो आणि मजा गुरुवारवाल्यांनी मारली? आता आम्ही नाचणार, ते बसतील." आत्याने या वेळी गट चिठ्ठ्या टाकून पाडले, दिवस एकच ठेवला, आणि दर अर्ध्या तासाने स्वतः हॉलमध्ये चक्कर मारली. रबरी चपला घालून.

चार वर्षांनी तिला जागा मिळाली. तिच्या हाताखाली पुढे कितीजण तयार झाले ते मी मोजलेलं नाही. पहिल्या दिवशी ती कुणालाच यंत्र दाखवत नसे. हॉलमध्ये नेऊन एका हिरव्या खुर्चीवर बसवी आणि सांगे, "दोन तास. मग बोलू."

मागच्या महिन्यात तिचा इस्पितळातला शेवटचा दिवस होता. निवृत्तीनंतरही काही वर्षं ती सल्ल्यासाठी जात होती. तेही आता थांबलं. मी तिला घ्यायला गेले, तर हॉलमध्ये एकच माणूस बसलेला. टेलर मास्तर. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, मोजपट्टी मुलाच्या गळ्यात गेली आहे. त्यांनी हट्ट धरला होता की बाईंच्या हातची शेवटची तपासणी आपलीच व्हायची. आत्या त्यांच्या शेजारी बसली होती. दोघंही समोर बघत होती, अगदी नियमाप्रमाणे. शेजारचा व्यायामोपचार विभाग कधीच दुसऱ्या इमारतीत गेला. फळीच्या जागी आता विटांची भिंत आहे.

"गप्पा मारायला तरी परवानगी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"हळू आवाजात."

"मावशी असत्या तर पेला सांडला असता बघा आज."

"त्यांनी त्या दिवशी मुद्दाम सांडला होता का मास्तर? तीस वर्षं मला शंका आहे."

मास्तर छताकडे बघू लागले. "तोंडाला कुलूप आहे बाई."

दोन तास झाले. आत्याने सुई घेतली. एक क्षण त्यांचा हात आपल्या हातात धरला आणि म्हणाली, "थंड आहे. म्हणजे खरंच बसलात." शिरेसाठी दोनदा टोचावं लागलं. त्यांनी कुरकुर केली. आकडा यंत्राने तिथेच सांगितला: एकशे सत्तर. तीस वर्षांनंतरही उंबरठ्यावरच. आत गेले नव्हते.

आत्याने तो आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. मास्तर सावकाश उठले. कोपरात कापूस दाबलेला, म्हणून एक हात दुमडलेला. दुसरा त्यांनी पुढे केला.

"आता तर नियम नाही ना काही?"

गाणं नव्हतं. आत्या वाकून सँडल काढत होती. "उजवा पुढे," ती म्हणाली.